मेजर राम राघोबा राणे : वाट करून देणारा सैनिक



बेळगाव हे पलटणीचे गाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथे असल्यामुळे पहाटेच्या बिगुलावर घड्याळ लावणारी घरे आमच्याकडे अजूनही सापडतील. साहजिकच सैनिक म्हटला की आम्हां बेळगावकरांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो पायदळातील जवान. खांद्यावर बंदूक घेतलेला, टेकडीवर चाल करून जाणारा. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव हे दोघेही याच पलटणीचे, आणि त्यांच्या शौर्याच्या कथा येथील मुले लहानपणापासून ऐकत असतात.

आज ज्यांचे स्मरण करावयाचे आहे ते मेजर राम राघोबा राणे हे या पलटणीचे नव्हत. ते मूळचे कारवारजवळच्या चेंडिये गावचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. त्यांनी परमवीरचक्र मिळविले. पण ज्या कामगिरीबद्दल ते मिळाले तिच्या अधिकृत वर्णनात त्यांनी शत्रूचा एकही माणूस मारल्याचा उल्लेख नाही. माझ्या वर्गात मी हे सांगितले, तेव्हा एका मुलाने हात वर करून विचारले, "मग सर, त्यांनी केले काय?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नव्हते, म्हणून तो तास मी त्यातच घालविला. आज आपल्यापुढेही तेच उत्तर थोड्या विस्ताराने मांडतो.

राणे हे मुंबई सॅपर्समधले. 'सॅपर्स अँड मायनर्स' हे इंग्रजी नाव आपल्या जुन्या शिपायांच्या जिभेला वळेना, तेव्हा त्यांनी त्याचे 'सफरमैना' करून टाकले. शब्द मोठा गोड झाला आहे. ऐकणाऱ्यास वाटावे की ही प्रवासास निघालेली मैना आहे. काम मात्र गोड नाही. पूल बांधणे, पूल उडविणे, रस्ता काढणे, सुरुंग पेरणे आणि शत्रूने पेरलेले सुरुंग उपटून काढणे, हा या लोकांचा धंदा. मोगली फौजेबरोबर कुदळ-फावडी घेतलेले बेलदार पुढे चालत आणि तोफांना वाट करून देत. बेलदारांची नावे बखरकारांनी सहसा लिहून ठेवली नाहीत. सफरमैना हे आधुनिक काळातील बेलदार होत, आणि पुण्याजवळील खडकी हे मुंबई सॅपर्सचे जुने घर.

राम राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. वडील पोलीस शिपाई होते. सरकारी नोकरीत बदली ठरलेलीच; त्यामुळे मुलाचे शिक्षण आज या गावच्या शाळेत तर उद्या त्या गावच्या शाळेत असे झाले. शिक्षक या नात्याने सांगतो, अशा मुलांचे अक्षर आणि गणित बहुधा कच्चे राहते, पण नव्या जागी चटकन रुळण्याची एक कला त्यांना येते. १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीने सारा देश ढवळून निघाला. उत्तर कानडा जिल्ह्यात अंकोल्यास मिठाचा सत्याग्रह झाला तो याच वर्षीचा. बारा वर्षांचा राम या चळवळीकडे ओढला गेला. ज्याच्या अंगावर सरकारी पोलिसाचा पोशाख आहे त्याच्या घरात ही गोष्ट पचणारी नव्हती. वडिलांना चिंता वाटली आणि त्यांनी कुटुंबाचे बिऱ्हाड चेंडियेस आणले. पुढे दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, हाच मुलगा ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात भरती झाला. यात काही जणांना विसंगती दिसेल. तो काळ असा होता की एकाच घरात, किंबहुना एकाच मनात, दोन्ही गोष्टी नांदत होत्या. कोकणपट्टीतील हजारो घरांना पलटणीच्या पगाराचा आधार होता, आणि त्याच घरांतील माणसे गांधीजींचे नावही आदराने घेत होती. या गोष्टीचा निवाडा आपण आज आरामात बसून करू नये, असे मला वाटते.

भरतीनंतरच्या शिक्षणात राणे आपल्या तुकडीत सर्वोत्तम ठरले आणि त्यांना कमांडंटची मानाची छडी मिळाली. नाईक होऊन ते अठ्ठाविसाव्या फील्ड कंपनीबरोबर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. ही कंपनी सव्विसाव्या हिंदी डिव्हिजनची होती, आणि हे डिव्हिजन आराकानच्या दलदलीत व डोंगरांत जपान्यांशी झुंजत होते. आराकानची पहिली मोहीम फसली. १९४३ च्या उन्हाळ्यात माघार घ्यावी लागली, तेव्हा बुथिडाँग येथील दारूगोळ्याचा साठा आणि मागे राहिलेले सामान शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ते नष्ट करण्याचे काम सॅपर्सच्या एका लहानशा तुकडीवर सोपविण्यात आले. राणे त्या तुकडीत होते. काम आटोपल्यावर नौदलाच्या जहाजाने या लोकांना उचलून न्यावे असे ठरले होते. ते साधले नाही. मग या मंडळींनी जपानी गस्त चालू असलेली नदी आपली आपण ओलांडली आणि बावली बाजारपर्यंत चालत जाऊन आपले डिव्हिजन गाठले. राणे हवालदार झाले, पुढे जमादार झाले.

या प्रसंगाचा उल्लेख चरित्रांत थोडक्यात येतो. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. माघार घेणारे सैन्य मागे काय सोडते, कोठे सोडते, पाठलाग करणाऱ्याचे पाऊल कोठे अडकावे म्हणून काय योजते, हे राणे यांनी स्वतःच्या हातांनी केलेले होते. पाच वर्षांनी दुसऱ्या कोणी केलेले हेच काम त्यांना उलगडावयाचे होते.

महायुद्ध संपले, देश स्वतंत्र झाला, देशाची आणि सैन्याचीही वाटणी झाली. १५ डिसेंबर १९४७ रोजी राणे यांना सेकंड लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळाले. हा अधिकारीपदाचा पहिला जिना. त्यावर वीस-एकवीस वर्षांची मुले उभी असतात. राणे तेथे पोहोचले तेव्हा त्यांना तिसावे वर्ष चालू होते आणि साध्या सैनिकापासून जमादारापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या त्यांच्या पायांखालून गेल्या होत्या. सदतिसाव्या असॉल्ट फील्ड कंपनीत त्यांची नेमणूक झाली.

आता जरा काश्मीरकडे वळू. ऑक्टोबर १९४७ मध्ये टोळीवाल्यांनी काश्मीर संस्थानात घुसखोरी केली, संस्थान भारतात विलीन झाले आणि २७ ऑक्टोबरला आपले सैन्य विमानाने श्रीनगरला उतरले, हे सर्वश्रुत आहे. या कथेत श्रीनगरचे नाव जितके येते तितके पीर पंजाल पर्वताच्या अलीकडच्या मुलखाचे येत नाही. जम्मूच्या पश्चिमेला नौशेरा, झांगड, राजौरी ही गावे. नोव्हेंबर १९४७ मध्येच राजौरी शत्रूच्या हाती पडले आणि तेथील हिंदू व शीख रहिवाशांची, आसऱ्याला आलेल्या निर्वासितांसह, भयंकर कत्तल झाली. २४ डिसेंबरला झांगडही गेले. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेऱ्यावर मोठा हल्ला झाला. तो ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या ब्रिगेडने परतवून लावला. याच दिवशी तैनधारच्या चौकीवर नाईक यदुनाथ सिंग लढता लढता पडले. १८ मार्चला झांगड परत घेण्यात आले. आता पुढचे लक्ष्य होते राजौरी.

नौशेऱ्याहून राजौरीस जाणारा रस्ता हा काही आजकालचा नव्हे. भिंबरहून नौशेरा, चिंगस, राजौरी असा पीर पंजाल ओलांडून काश्मीरच्या खोऱ्यात उतरणारा हा मोगल बादशहांचा रस्ता. जहांगीर बादशहाला काश्मीरचे वेड होते, आणि १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना वाटेतच त्याला मरण आले. देह लाहोरपर्यंत टिकावा म्हणून त्याची आतडी काढून जेथे पुरली ते ठिकाण म्हणजे चिंगस, अशी परंपरागत समजूत आहे. फारसीत त्या शब्दाचा अर्थही तोच सांगतात. तेथील मोगल सराय आजही उभी आहे. ज्या वाटेने बादशहाचा लवाजमा हत्ती-उंटांसह डुलत जात असे, ती वाट १९४८ च्या वसंतात माणसाला पाऊल टाकता येऊ नये अशी करून ठेवलेली होती.

कशी, ते पाहा. डोंगराच्या कडेने सापासारखा वळत जाणारा रस्ता. वळणावळणावर चिडाची, म्हणजे पाइनची, मोठाली झाडे तोडून आडवी पाडलेली. ओढ्यांवरच्या मोऱ्या सुरुंगाने उडविलेल्या. कोठे रस्त्याची कडाच दरीत ढासळून दिलेली. या अडथळ्यांच्या भोवती जमिनीत सुरुंग पेरलेले. आणि वरच्या टेकड्यांवर मशीनगनी अशा रोखून बसविलेल्या की अडथळा काढावयास कोणी पुढे आला की तो त्यांच्या माऱ्यात सापडावा. नुसता अडथळा म्हणजे केवळ कष्टाचा प्रश्न. ज्यावर बंदूक रोखलेली आहे तो अडथळा मरणाचा. सैन्याजवळ रणगाडे होते, पण रणगाड्याला रस्ता लागतो. वीस टनांची का असेना, गाडी मोरीवाचून ओढा ओलांडीत नाही आणि सुरुंगावरून गेली की तिचा पट्टा तुटून ती तेथेच बसते. मग तिच्यामागची सारी रांग खोळंबते. त्या अरुंद वाटेवर खोळंबणे म्हणजे टेकडीवरच्या तोफेला आयते लक्ष्य देणे.

८ एप्रिल १९४८ रोजी राजौरीकडे चाल सुरू झाली. सव्विसाव्या मैलाजवळचे सुरुंग आणि अडथळे काढणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते सेकंड लेफ्टनंट राणे. सकाळी अकराच्या सुमारास नादपूरच्या दक्षिणेस ते आपल्या माणसांसह रणगाड्यांजवळ थांबले होते. काम सुरूही झाले नव्हते. इतक्यात शत्रूच्या उखळी तोफांचे गोळे येऊन पडू लागले. तुकडीतील दोघे जागीच ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींमध्ये स्वतः राणे होते.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. मोहिमेचा पहिला तास, हातात हत्यार घेण्यापूर्वीच सात माणसे गेलेली वा घायाळ झालेली, आणि प्रमुखाच्या अंगातून रक्त वाहते आहे. तो मागे गेला असता तर कोणी त्याला बोल लावला नसता. लष्करी नियमाने ते योग्यच ठरले असते. राणे यांनी उरलेली माणसे पुन्हा गोळा केली, कामे वाटून दिली आणि रणगाड्यांना त्यांच्या जागा गाठता याव्यात म्हणून कामाला हात घातला. तो सारा दिवस ते रणगाड्यांच्या आगेमागे माऱ्यातच वावरत होते. दुपारी साडेचारच्या सुमारास डोग्रा रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनने बरवाली येथील टेकडीची धार जिंकली. आसपासचा शत्रू पुरता हटलेला नव्हता, हे ठाऊक असूनही राणे पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी बाजूने नवी वाट खोदू लागले. शत्रूला ते स्वच्छ दिसत होते. रात्री दहापर्यंत काम चालले.

दुसऱ्या दिवशी, ९ तारखेस, पहाटे सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला बाजूची वाट तयार झाली. चिलखती तुकडी निघाली तेव्हा सर्वांत पुढे जी लहान कॅरियर गाडी होती तिच्यात राणे चढून बसले. अर्धा मैल गेले असतील नसतील तोच चिडाची झाडे आडवी. राणे खाली उतरले, बुंध्यांना दारू लावून झाडे उडविली, पुन्हा गाडीत चढले. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजत आले. पुढच्या वळणावर उडविलेली मोरी. काम सुरू करण्यापूर्वीच मशीनगनी धडधडू लागल्या. तशाच माऱ्यात मोरीला बगल देऊन वाट काढली गेली. सव्वासहा वाजले, उजेड मावळत चालला, आणि समोर आला तो त्या दिवसाचा सर्वांत बिकट अडथळा. पाच प्रचंड वृक्ष, त्यांच्याभोवती सुरुंग, आणि त्यांवर मशीनगनचा रोख. राणे सुरुंग काढावयास बसलेच होते. चिलखती तुकडीच्या प्रमुखाने अंधार पाहून गाड्या सुरक्षित जागी हटविण्याचा हुकूम दिला, म्हणून काम थांबले.

सुरुंग काढणे म्हणजे नेमके काय करणे, हे सांगितल्यावाचून या वर्णनाचा अर्थ कळणार नाही. जमिनीत पुरलेला सुरुंग डोळ्यांना दिसत नाही. माणूस पोटावर पडून संगीन किंवा तशीच एखादी सळई तिरकी धरून माती हलके हलके टोचीत पुढे सरकतो. कशाला तरी टोक लागले की हात थांबतो. मग बोटांनी भोवतालची माती बाजूला करावयाची. रणगाड्यासाठी पेरलेला सुरुंग माणसाच्या हलक्या स्पर्शाने सहसा उडत नाही. परंतु त्याच्या खाली किंवा शेजारी माणसासाठी दुसरा दडविलेला असू शकतो, आणि उचलताना पहिला उडावा अशी युक्तीही केलेली असू शकते. म्हणून खालची माती चाचपून पाहावयाची, चाप निकामी करावयाचा आणि तेव्हा कोठे तो बाहेर काढावयाचा. एक झाला की पुढचा. या कामात घाई चालत नाही आणि हात कापून चालत नाही. वरून गोळ्या सुटत असताना ज्याला हे करावयाचे आहे त्याने गोळ्यांकडे लक्ष द्यावयाचे नसते. लक्ष मातीकडे हवे. आवेशाने धावून जाणाऱ्याला निदान रक्ताच्या उसळीचा आधार असतो. येथे आधार कसलाच नाही, बोटे स्थिर ठेवावयाची एवढेच. राणे रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत गेले आणि चालकाला थांबण्याची व सरकण्याची खूण दोरीने देत सुरुंग काढीत राहिले, असेही सांगतात.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाच. आदल्या संध्याकाळी अर्धवट राहिलेल्या त्या पाच वृक्षांपाशी राणे पुन्हा हजर. पाठीशी काही रणगाडे होते, समोर मशीनगनी होत्या. साडेसहाला अडथळा दूर झाला. पुढचा हजार यार्डांचा पट्टा म्हणजे अडथळ्यांची आणि ढासळलेल्या कडांची नुसती रास. साडेदहा वाजता तोही मोकळा झाला. येथून रणगाड्यांनी रस्ता सोडला आणि ते तावी नदीच्या पात्रात उतरले. पात्रातून ते दुपारी दोन वाजता चिंगसला पोहोचले. आता खरे पाहता राणे यांचे काम झाले होते. रणगाडे पुढे गेले होते. पण रणगाड्यांमागून रसद जावयाची होती. दारूगोळा, इंधन, शिधा आणि औषधे वाहणाऱ्या साध्या गाड्यांना नदीचे पात्र झेपणारे नव्हते, त्यांना रस्ताच हवा होता. राणे मागे राहून तो रस्ता साफ करीत बसले. अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री नऊपर्यंत. ११ तारखेस सकाळी सहाला पुन्हा प्रारंभ, अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला, आणि मग चिंगसच्या पुढचा रस्ता साफ करण्याचे काम रात्री दहापर्यंत.

शिक्षकाची खोड म्हणा, मी या तासांची बेरीज करून पाहिली. पहिल्या दिवशी अकरा तास, दुसऱ्या दिवशी सव्वाबारा, तिसऱ्या दिवशी सव्वासोळा, चौथ्या दिवशी सोळा. मिळून साडेपंचावन्न तास. त्यांतील पहिल्या तासातच हा माणूस जखमी झालेला होता.

१२ एप्रिलला आपले सैन्य राजौरीत शिरले. गावाची राख झालेली होती. सैन्य येते आहे हे कळताच पळून जाणाऱ्या शत्रूने जाता जाताही जाळपोळ आणि हत्या केल्या होत्या. आसपासच्या डोंगरांत जीव मुठीत धरून लपलेले लोक, त्यांत बायका आणि मुले पुष्कळ, सैन्य आल्याचे कळताच हळूहळू खाली उतरू लागले. पाच महिने त्यांनी कसे काढले असतील याची कल्पना करवत नाही. रस्त्यावरच्या एकेका झाडाला किती वेळ लागला, याचा हिशेब त्या लोकांच्या बाजूने केला म्हणजे राणे रात्री नऊ-दहापर्यंत का थांबत होते ते समजते. १० तारखेच्या दुपारी, रणगाडे चिंगसला पोहोचल्यावर, ते एखाद्या झाडाखाली टेकले असते तर रसद दुसऱ्या दिवशी अकराला चिंगसच्या वाटेला लागली नसती.

मुंबई सॅपर्सच्या इतिहासात या घटनेला एक जोड आहे. १९४१ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत, सुदानच्या सरहद्दीवरून ॲबिसिनियात घुसणाऱ्या फौजेपुढे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चार दिवस सुरुंग काढले होते. पंचावन्न मैलांच्या वाटेवर पंधरा सुरुंगक्षेत्रे त्यांनी मोकळी केली. ते बसले होते त्या गाड्या दोनदा सुरुंगावर उडाल्या, कानाचा पडदा फाटला, तरी काम सोडले नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे ते पहिले हिंदी अधिकारी. भगत आणि राणे दोघेही १९१८ सालचे, दोघेही सॅपर, पराक्रमाच्या वेळी दोघांचाही हुद्दा सेकंड लेफ्टनंट, दोघांचेही दिवस चार. भगत पुढे लेफ्टनंट जनरल झाले आणि १९७५ साली निवर्तले. त्यांच्या वाट्यास डेहराडूनचे शिक्षण आले होते, राणे यांच्या वाट्यास बदलीच्या गावच्या शाळा. सुरुंगाला हा फरक कळत नाही.

परमवीरचक्र हा सन्मान २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाला आणि तो १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीस लागू करण्यात आला. त्या पदकाची आकृती एका स्त्रीने काढलेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या, विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून सावित्रीबाई झालेल्या त्या विदुषी. संस्कृत ग्रंथांचा त्यांचा व्यासंग होता. देवांच्या कार्यासाठी दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांचे वज्र झाले, ही कथा मनात धरून त्यांनी पदकावर इंद्राचे वज्र घातले. राणे यांचे परमवीरचक्र २१ जून १९५० रोजी जाहीर झाले. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात ही पदके पाच जणांना मिळाली. मेजर सोमनाथ शर्मा, नाईक यदुनाथ सिंग आणि कंपनी हवालदार मेजर पीरूसिंग हे तिघे आपले पदक पाहावयास उरले नव्हते. हयात असलेले दोघेच, लान्स नाईक करमसिंग आणि राणे.

या पदकाबरोबर जे मानपत्र असते त्यात त्या चार दिवसांचे तासागणिक वर्णन आहे. वर दिलेल्या वेळा त्यातीलच आहेत. ८ एप्रिलच्या सकाळी पहिल्या गोळ्यांत ठार झालेल्या दोघांची नावे मात्र त्यात नाहीत. 'तुकडीतील दोन माणसे' एवढाच त्यांचा उल्लेख. पुढचे चार दिवस राणे यांच्याबरोबर खोदणारे, झाडे ओढणारे, दारूच्या पेट्या वाहणारे जे जवान होते तेही निनावीच राहिले. एकट्याने पाच वृक्ष हटत नाहीत. राणे यांचा मोठेपणा याने तिळमात्र कमी होत नाही. पण शाळेत मुलांना ही कथा सांगताना मी त्या दोघांना वगळत नाही.

पराक्रमाच्या त्या चार दिवसांनंतर राणे यांनी सैन्यात आणखी वीस वर्षे काढली. लोकांना वीरांच्या आयुष्यातील हा भाग ऐकावयास आवडत नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही घडत नाही असे वाटते. बदल्या, छावण्या, नव्या सैनिकांचे शिक्षण, कागदपत्रे. सैनिकाचे बहुतेक आयुष्य हेच असते. आपल्या एकूण सेवेत त्यांचा पाच वेळा युद्धवृत्तान्तात गौरवाने उल्लेख झाला. २५ जानेवारी १९६८ रोजी ते मेजरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही त्यांना पुन्हा सेवेत घेण्यात आले आणि ते काम त्यांनी एप्रिल १९७१ पर्यंत केले. साध्या भरतीने आत गेलेला माणूस मेजर होऊन बाहेर पडला, ही गोष्ट त्या काळच्या सैन्यात परमवीरचक्राइतकी नसली तरी दुर्मिळच होती.

सन १९८४ मध्ये एक नवल घडले. भारतीय जहाज महामंडळाने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावे द्यावयाचे ठरविले, आणि एका जहाजावर राणे यांचे नाव आले. तेव्हा ते हयात होते, सहासष्ट वर्षांचे होते. सहसा आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याचे नाव कोठे तरी लागते. कारवारच्या समुद्राकाठच्या गावचा हा मुलगा आयुष्यभर डोंगरातल्या रस्त्यांशी झगडला, आणि त्याचे नाव घेऊन जहाज समुद्रात गेले. सुमारे पंचवीस वर्षे सेवा करून ते जहाज मोडीत निघाले.

मेजर राणे यांचे देहावसान ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या लष्करी रुग्णालयात झाले. त्यांचे वय शहात्तर होते. त्याच्या आदल्या वर्षीच करमसिंग गेले होते.

कारवारला रवींद्रनाथ टागोरांच्या नावाच्या समुद्रकिनाऱ्यावर, जेथे 'चपळ' ही जुनी युद्धनौका संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे, तेथे नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील एकवीस अनामिक बेटांना एकवीस परमवीरांची नावे देण्यात आली. त्यांतील एक बेट आता राणे यांच्या नावाचे आहे. सुटीत आपल्यापैकी कोणी गोव्याहून वा बेळगावहून कारवारला उतरलेच, तर तो पुतळा रस्त्याच्या कडेलाच आहे, शोधावा लागत नाही.